आत्या एकदाच बोलली

त्या दिशी सोलापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आमी चौघं व्हतो. माजी सासू, तिला मी आत्या म्हनायची. माजे मालक, दगडू. आता या वयात नाव घेतलं तर काय बिगाडतंय. शेजारच्या यल्लम्माकाकू, तेलगू घरातल्या, मागावर चादरी विननाऱ्या. आनि मी, पोटुशी. आत टेबलामागं एक कारकून व्हता, त्याचं नाव ठाऊक न्हाय. चौघांतले आता मी आनि मालक, दोघंच उरलोय.

आत्यानं पोटच्या पोराला कदी माजा म्हनलं न्हाय. "ए शेजारनीच्या, भाकर खाऊन घे," अशी हाक मारायची. मालक तिला मावशी म्हनायचे. नवी नवरी आले तवा मला वाटलं, ह्या घरात कायतरी लपवलंय. लपवलं काय बी नव्हतं. सगळ्या गल्लीला म्हाईत व्हतं.

आदी आत्याची तीन पोरं पाळन्यातच गेली. सुशीवन्सं तेवढ्या जगल्या. मग मालक झाले, तसं आत्यानं त्यांना उकिरड्यावर ठिवलं. यल्लम्माकाकूंनी उचललं, माजं म्हनलं, आनि किंमत म्हनून आत्याकडनं सूपभर भरडलेल्या जोंधळ्याच्या कन्या घेऊन पोरगं तिच्या ओटीत टाकलं. नाव दगडू. पोरगं दुसऱ्याचं, इकत घेतलेलं, मग मरन त्याच्याकडं बघत न्हाय. असं लई घरांत करायचे. पन पोरगं चालाया लागलं की लोक इसरतात. आत्या इसरली न्हाय. शाळेत मास्तरनं बापाचं नाव इचारलं, तर हिनं यल्लम्माकाकूंच्या मालकाचं नाव सांगितलं. सासरे बाजूलाच उबे व्हते.

आमच्या लग्नात वरमाई म्हनून यल्लम्माकाकू बसल्या. माज्या बापानं आत्याला इचारलं, "तुमी कोन म्हनायच्या?"

"मी भांडी घासाया आलीय," आत्या म्हनली. "तुमी जेवला का, पाव्हनं?"

मालकांना ताप आला की ती दारात उबी ऱ्हाऊन रस्त्याला ऐकू जाईल असं म्हनायची, "आमाला काय, ज्याचं त्यो बघंल." आनि आत यिऊन त्यांच्या पायाला तेल चोळायची, तोंडातनं सबूद न काडता. तिच्या अंगठ्याची चामडी फाटलेली. तेल चोळताना तिच्याच अंगठ्यातनं रगत यायचं.

सुशीवन्सं मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या आनि कॅनडाला गेल्या. दुष्काळ नुकताच सरला व्हता. मालक गिरनीत बदलीवर. कामाचे दिस कमी, घरी बसायचे जास्त. वन्संनी भावाला कायमचं तितं नेयाचा अर्ज केला. तिकडनं इचारना आली, तुमच्या बापाचं नाव एक, ह्याच्या बापाचं दुसरं, मग ह्यो भाऊ कसा? जन्माचा दाखला नव्हताच. आईनं कोर्टात शपथेवर सांगावं, पोरगा माज्या पोटचा हाय, तरच म्होरं सरकंल.

आत्या न्हाय म्हनली.

"मावशी, एकदा म्हन की," मालक तिच्या म्होरं बसून म्हनले. "तुजं काय जातंय?"

"तुजं जाईल."

"तीस वर्साचा हाय मी. आता काय पाळन्यातनं नेतंय व्हय कोन?"

"सायबापुडं बोललेलं पुसत न्हाय," आत्या म्हनली. "समद्यांना कळतं."

यल्लम्माकाकू उंबऱ्यात बसून तंबाखू मळत व्हत्या. त्या म्हनल्या, "अगं, मी सोडते की त्याला. आताच्या भावात सूपभर कन्या परत द्यायच्या म्हंजी मलाच करज काढाय लागंल, पन देते."

आमी समदी हासलो. आत्या बी हासली. ती उटून परसात गेली. मी मागनं गेले. मी म्हनलं, "आत्या, हितं ऱ्हाऊन तरी काय? गिरनीतल्या धुळीनं छाती भरत चाललीय त्यांची. रोज खोकतात, तुमी ऐकताय की." तिनं परसातल्या चुलीतली राख वडून काडली. मग म्हनली, "समुद्र वलांडून जातं का गं ते मरन?"

"काय?"

"काय न्हाय. उद्या चला."

कोर्टात कारकुनानं इचारलं, "हा तुमचा कोण?" आत्यानं पदर तोंडावर घेतला. कारकून म्हनला, "मोठ्यानं सांगा, मावशी." तवा ती वराडली, "माजा हाय! माज्या पोटचा हाय!" व्हरांड्यातले वकील वळून बघाया लागले. मालक भिताडाकडं तोंड करून लहान पोरावानी रडले. आत्या रडली न्हाय. कागदावर अंगठा उठवला आनि माज्या कानात म्हनली, "ज्यानं ऐकाया नको व्हतं, त्यानं ऐकलं."

त्या दिसापास्नं ती मालकांच्या म्होरं चालायची. त्यांच्या ताटातला पैला घास ती खायची. त्यांच्या वाकळेवर ती झोपायची, त्यांना आत झोपवायची. दिवेलागनीला दारात बसून कुनाशीतरी बोलायची. एकदा मी नीट ऐकलं. "थांब की जरा. यील मी. त्येला जाऊ दे." मी भायेर बघितलं. गल्ली मोकळी व्हती. नळावर बाया नव्हत्या, कुत्रं बी नव्हतं. तरी आत्या एका अंगाला सरकून बसलेली, दुसऱ्याला जागा करून द्यावी तशी.

आदी जी नको म्हनत व्हती, तीच आता रोज पोष्टमनला आडवायची. "आला का गा परवाना?" माज्या पोराचा जलम झाला तवा मी इचारलं, ह्याला बी उकिरड्यावर ठिवायचं का? म्हनली, "नको. ह्याला तू तुजाच म्हन. ते आता माज्यापाशी हाय, ह्याच्याकडं बघायचं न्हाय."

परवाना आला. टेशनात मालक पाया पडले, म्हनले, "येतो, आई." तिनं त्यांना उटवलं, डब्यात ढकललं, आनि गाडी हालायच्या आत पाठ फिरवून फलाटावर बसली. मी म्हनलं, "आत्या, बघा तरी, हात हालवत्यात." ती म्हनली, "मी उटले तर हे बी उटंल." गाडी दिसंनाशी झाली तरी ती हालली न्हाय. हमाल येऊन म्हनला, "म्हातारे, बाजूला सर." तवा उटली, आनि घरापातूर एका हातानं कुनाचंतरी बोट धरल्यावानी चालली.

सुखरूप पोचल्याचं पत्र मी तिला वाचून दावलं. ती म्हनली, "बरं झालं." त्या हिवाळ्यात ती दारातच गेली, बसल्या जागी, भिताडाला टेकून. मालकांना येता आलं न्हाय. आग यल्लम्माकाकूंच्या थोरल्यानं दिली.

मग मला बी वन्संनी नेलं. लई वर्सं तिकडं काडली, बर्फ बघितला, पोरं मोठी केली. मालक तितंच लेकापाशी हायती, धडधाकट, छाती साफ. मला मातर ते घर सोसलं न्हाय, मी परत हितं आले. दिवेलागनीला दारात कोनतरी उबं ऱ्हातं. आत्या हाय का ते दुसरं, मला कळत न्हाय. मी भीत न्हाय. पन आता गुडगं दुखत्यात, दरवेळंला उटून बघवत न्हाय.

म्हनून हे वाचनाऱ्याला एकच सांगनं हाय. माज्याकडं आलात तर दारात गप उबं ऱ्हाऊ नका. आपलं नाव घ्या, आनि सरळ आत या.