उजव्या गालावरचा तीळ

पीटर्सबर्गच्या आमच्या छापखान्यात सम्राज्ञींच्या तसबिरी येफीम तांब्याच्या पत्र्यावर कोरायचा, मी कागदावर छापायचो. सम्राज्ञी वारल्या, तसा मालक खेकसला, "म्हाताऱ्या, चेहरा खरवड, नव्या बाईंचा कोर. झगा तोच चालेल!"

येफीम हलेना. त्या चेहऱ्यात त्याने आपली मेलेली लेक, उस्तिन्या, चोरून कोरली होती, उजव्या गालावरच्या तिळासकट. हे मला एकट्याला ठाऊक.

मी चिडलो. "रडतोस काय? छापलेला कागद ने की घरी!"

"कागदावर उलटं उमटतं रे. तीळ डाव्या गालावर जातो. ती कुणा दुसऱ्याची पोर. माझी या तांब्यातच आहे."

मग त्याने स्वतःच्या हाताने तिला खरवडलं. तीळ सगळ्यात शेवटी.