ग्रिसेल्दा दारातून हलली नाही

ग्रिसेल्दाला एका जागी बसवत नसे. केस कापायच्या तिच्या दुकानात गिऱ्हाईक आरशासमोर बसलेलं आणि ही कात्री घेऊन त्याच्याभोवती गरगरत, बडबडत. पोटुशी बाई आली की विषय ठरलेला. "कळा सुरू झाल्या की एकटी जाऊ नकोस. आपल्या अर्जेंटिनात कायदाच आहे, हवं ते माणूस सोबत ठेवता येतं."

तिच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. गावच्या सरकारी दवाखान्यात तिचे पाय पट्ट्यांनी बांधले होते. ती ओरडली तशी नर्स म्हणाली होती, "मजा मारताना नाही ओरडलीस ती? आता गप पड." लेक कॉलेजात गेला, तरी ते वाक्य कानातून जाईना. म्हणून ती दर शनिवारी 'बाळंतिणीला एकटं ठेवू नका' असा फलक घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहायची.

"गिऱ्हाइकं पळतील अशानं," नवरा एलादियो माते नावाचा कडवट चहा पीत कुरकुरायचा.

"पळू देत. टकली करून सोडेन एकेकाला!"

मग बहिणीच्या लेकीला, यामिलाला, कळा सुरू झाल्या. ग्रिसेल्दा तिच्याबरोबर गेली, तर रखवालदारानं प्रसूतिकक्षाच्या दारात हात आडवा केला. "नातेवाईक बाहेर."

"मावशी, जाऊ नको ना!" आतून यामिलाचा आवाज आला.

ग्रिसेल्दानं उंबऱ्यातच बसकण मारली. दार लागेना. "उचल मला. पण उचलताना मी गाव गोळा करीन."

ताटकळलेल्या बायका पुढे सरकल्या. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, वैतागून म्हणाल्या, "सोडा हो हिला आत."

आत तरुण डॉक्टरानं यामिलाला न विचारताच छेद द्यायला कात्री उचलली.

"आधी तिला विचारा," ग्रिसेल्दा म्हणाली.

तो थबकला. त्यानं विचारलं. यामिला म्हणाली, "थोडं थांबा ना." तो थांबला. कात्री न लावताच मुलगी झाली.

यामिला रडत हसत होती. ग्रिसेल्दाला मात्र हसू येईना. पडद्यापलीकडे कुणीतरी कण्हत होतं.

तिनं पडदा सारला. कोवळी पोर, दोन्ही हातांनी पलंगाची कड धरलेली.

"कोण आहे गं तुझ्यासोबत?"

पोरीनं कुणी नाही अशी मान हलवली.

"बाई, तुम्हाला एकाच पेशंटसाठी सोडलंय!" मागून नर्स ओरडली.

"हो का?" म्हणत ग्रिसेल्दानं स्टूल ओढलं आणि पोरीचा घामेजला हात हातात घेतला.