गावाचं नाव नसलेलं तिकीट

बाई पर्स उघडत, तिकीट बघत, पर्स मिटत. दोन मिनिटांनी पुन्हा उघडत. नगर स्टेशनवर मनमाडच्या गाडीची वाट बघताना हे किती वेळा होतं ते मोजायचा मी एकदा प्रयत्न केला होता. विसाच्या पुढं सोडून दिला.

"तिकीट काढलंय ना? दाखवा बघू," हे त्यांचं वाक्य शाळेत सगळ्यांना पाठ होतं. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल. एकदा मुलींची सहल भंडारदऱ्याला निघाली. एसटी अख्खी ठरवलेली, तिकिटांचा प्रश्नच नव्हता. बाईंना ते काही पटेना. आदल्या दिवशी बसून त्यांनी पुठ्ठ्याचे चौकोन कापले, प्रत्येकीचं नाव, गाव, तारीख घातली आणि सकाळी एसटीच्या दारात उभं राहून पेन्सिलीनं भोकं पाडली. मलाही एक मिळालं. ड्रायव्हरलाही.

बाई गणित शिकवायच्या, मी भूगोल. त्या मूळच्या पुणतांब्याच्या. लग्न केलं नव्हतं. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत म्हाताऱ्या आईला घेऊन राहत. धाकटी बहीण बाईंनीच वाढवली, नर्सिंगला घातली. पुढं तिला पश्चिम जर्मनीत, कोलोनच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. दर महिन्याला तिचं पत्र येई. निळं पाकीट आलं की मधल्या सुट्टीत बाई मोठ्यानं वाचत आणि आम्ही चहा थांबवून ऐकत.

बहात्तरच्या दिवाळीनंतर पत्रं आखूड होत गेली. मग एक आलं ते फ्रायबुर्गहून, पुढचं स्वित्झर्लंडमधल्या बाझलहून. पाठवणाराचा पत्ता कशावरच नव्हता. बाझलच्या पत्रात एकच ओळ होती. "ताई, मला शोधू नकोस, तू शोधलंस की त्यांना कळतं."

"कुणाला कळतं?" मी विचारलं.

बाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. दवाखान्याला लिहिलं तर उत्तर आलं, नोकरी सोडली, पत्ता माहीत नाही.

बाईंनी जायचं ठरवलं. धाकटीनं पाठवलेले पैसे पोस्टात तसेच पडून होते. मे महिन्याची सुट्टी धरली. मुंबईच्या एका प्रवासी कचेरीशी इंग्रजीत पत्रव्यवहार मी केला. त्यांनी दोन मार्ग कळवले. एक, आगगाडीची तिकिटं इथूनच काढून न्यायची. गाव, गाडी, तारीख सगळं ठरलेलं, आणि खर्च कमी. दुसरा, एकवीस दिवसांचा रेल्वे पास. कुठल्याही गाडीत बसा, कुठंही उतरा. पण तो तिकडं जाऊन मिळत नाही, निघण्याआधीच घ्यावा लागतो. शिवाय पहिल्या वर्गाचा.

"पहिला वर्ग?" जन्मभर थर्ड क्लासनं गेलेल्या बाई म्हणाल्या. "मला तिथून कोणी उठवणार तर नाही?"

मी तिकिटांच्या बाजूचा होतो. शाळेचा नकाशा टेबलावर पसरला, पट्टी ठेवली. फ्रँकफर्टला विमानातून उतरायचं, तिथून कोलोन, फ्रायबुर्ग, बाझल आणि परत. त्या उन्हाळ्यात नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येत होतं, नकाशावर आमच्या घामाचे ठिपके पडत होते. अर्ज आम्ही भरला. सही करता करता बाई थांबल्या.

"तिकिटावर गावाचं नाव लिहावं लागतं, सर. ती नेमकी तिथंच असेल का?"

"मग कुठं असेल?"

त्यांनी सही केली. अर्ज दुसऱ्या दिवशी टाकायचा होता.

दुसऱ्या दिवशी एक जाड पाकीट आलं. पोस्टाचं तिकीट इटलीचं, शिक्का त्रिएस्ते गावचा. वरचा पत्ता परक्या हातानं लिहिलेला. आत चिठ्ठी नव्हती. धाकटीचं नर्सचं घड्याळ होतं, छातीवर लावायचं. तिच्या पहिल्या पगाराच्या दिवशी बाईंनीच घेऊन दिलेलं.

म्हातारीनं ते हातात घेतलं, कानाला लावलं. "बंद हाय," म्हणाली. मग लेकीकडं बघून, "ती हाय का न्हाई, येवढं बघून ये. बाकी मला काय बी नगं."

बाईंनी अर्ज फाडला आणि पास मागवला.

त्या गेल्यावर मला कार्डं येऊ लागली. प्रत्येक कार्डावर तारीख, गाडीची वेळ, गाव. मी ती म्हातारीला वाचून दाखवी. कार्ड हाती येई तेव्हा तो दिवस कधीच उलटून गेलेला असे. कोलोन : खोलीतली मैत्रीण म्हणते, ती दिवसासुद्धा दाराला खुर्ची लावून बसायची. बाझल : कोणी ओळखत नाही. त्रिएस्ते : इथल्या दवाखान्यात तापानं पडली होती. घड्याळ इथल्या सिस्टरनी पाठवलं. बरी होताच निघून गेली. सिस्टर म्हणतात, स्टेशनांवर बघा, ती स्टेशनांवरच बसते.

त्यानंतर कार्ड नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पासाचे दिवस मोजत होतो. एकविसावा दिवस गेला. म्हातारी विचारायची बंद झाली. दारात बसून नुसती रस्त्याकडं बघे.

जूनमध्ये शाळा उघडली, बाई आल्या नाहीत. पंधरवड्यानं एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत येऊन बसल्या. केस अर्धे पांढरे झाले होते.

"सापडली," म्हणाल्या. "एकोणिसाव्या दिवशी, मिलानच्या वेटिंग रूममध्ये. रोज चार-पाच स्टेशनं बघत होते. उतरायचं, बाकडी बघायची, पुढच्या गाडीत बसायचं. तुमची तिकिटं असती तर बाझलहून परत आले असते, सर."

मी मान खाली घातली.

"मला बघून हसली. मग म्हणाली, ताई, तुलापण त्यांनीच पाठवलं का?"

कोणी तिच्या मागावर नव्हतंच. तिच्या डोक्यात मात्र होतं, अष्टौप्रहर. बाई तिला फ्रँकफर्टला घेऊन आल्या. वकिलातीच्या लोकांनी तिच्या परतीची सोय केली, पण त्यात दिवस गेले. गाडी चालू असली की ती शांत असे, भूक लागली म्हणे, झोपेसुद्धा. गाडी थांबली की उठून डब्याची दारं तपासत फिरे.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"गोळ्या दिल्यात. वेळ लागेल म्हणाले." पर्समधून कागद काढत त्या म्हणाल्या, "मी राजीनामा आणलाय."

हेडमास्तरांनी समजूत घातली, मीही घातली. बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि दोघींना घेऊन पुणतांब्याला गेल्या. म्हातारी त्याच वर्षी थंडीत गेली. मातीला मी गेलो होतो. धाकटी घरातून बाहेर आली नाही. आतून कडी लावलेली होती.

पुढं वर्षभरानं मी काही कामासाठी मनमाडला निघालो होतो. दुपारची वेळ. आमची पॅसेंजर राहुरीला क्रॉसिंगसाठी थांबली आणि पलीकडच्या रुळावर समोरून येणारी गाडी हळूहळू आत आली. तिच्या एका खिडकीत मला बाई दिसल्या. मी गजाला तोंड लावून हाक मारणार, तोच त्यांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. मांडीवर धाकटीचं डोकं होतं. बाई हलक्या हातानं तिला थोपटत होत्या. ओठांनीच मला म्हणाल्या, झोपलीय.

त्यांची गाडी थांबली नाही, पुढं निघाली. खिडकी सरकता सरकता मला दिसलं, धाकटीचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडंच बघत होती.