अब्बासचा उजवा खांदा

"परत?" मी विचारलं.

"परत," म्हणून अब्बास स्वतःच टेबलावर आडवा झाला. उजवा खांदा निखळायची ही चौथी खेप.

एकोणीसशे पन्नासनंतर जुन्नरला माझा छोटा दवाखाना होता. अब्बास कागद बनवणाऱ्यांच्या घरातला, पेठेतल्या तालमीचा पहिलवान. खांदा म्हणजे उथळ वाटीत बसलेला गोळा. भोवतीची पिशवी एकदा फाटली, की भरून येईपर्यंत हात जपावा लागतो.

मी टाच त्याच्या काखेत रोवली आणि मनगट धरून हात सावकाश ओढला. कट् झालं. खांदा बसला. नेहमीप्रमाणे पट्टीनं हात छातीशी बांधून टाकला.

"डाक्टर, औंदा यात्रेत न्हाई उतरलो तर वस्ताद माझ्या जागी दुसरा गडी उभा करतील."

"मी कुस्ती बंद सांगितली होती."

"आईची शप्पत, बंदच हाय!"

पहिलवान अशा बाबतीत हमखास खोटं बोलतात. पण याच्या अंगावर कुस्तीचा एकही ओरखडा नव्हता. तळहातावर मात्र ताजे फोड होते. ते कशाचे, हे विचारायच्या आत स्वारी निघून गेली. मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तालमीत गेलो.

गुडघा सुजलेला एक गडी कुदळीनं हौदा, म्हणजे आखाड्याची माती, खणत होता.

"याला काय शिक्षा केलीत?" मी वस्तादांना विचारलं.

"शिक्षा कसली? आराम हाय त्यो. जायबंदी गडी लढत न्हाई, माती खणतो. आमची रीतच हाय."

"आणि अब्बास?"

"लई गुणी! तुमी पट्टी सोडली की दुसऱ्या दिशी कुदळ हातात. समदा हौदा एकट्यानं खणतो."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. कुदळ डोक्यावर उचलली की फाटक्या पिशवीतून गोळा बाहेर येणारच. चार वेळा खांदा बसवला, पण हा दिवसभर करतो काय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"त्याला नुसतं बसवा. पोरांचे डाव बघू दे."

"बसून खाणारा पहिलवान? तालमीत न्हाई चालत, राव."

"मग यात्रेत दुसरा गडी शोधा."

वस्तादांनी मिशी ओढली. "बसवतो," म्हणाले.

यात्रेत अब्बास उतरला आणि पाच मिनिटांत चितपट झाला. मी धावलो. तो मातीतून उठला आणि उजवा हात सरळ वर करून मला दाखवला. वस्ताद शिव्या घालत होते, पण "पुढल्या वर्सी ह्योच" असंही म्हणाले.

आता कुणाला आराम सांगितला, की मी आधी विचारतो: म्हणजे तुम्ही नक्की काय करणार?