त्सान्कोचं पूर्ण नाव

नेदाताई जिन्यावरून येत असली की आमच्या दुग्धशाळेत सगळ्यांना कळतं. साठीला टेकलेली बाई, पण दोन-दोन पायऱ्या एकदम उतरते आणि उतरता उतरता बोलत असते. वाटेत जो भेटेल त्याच्याशी, आणि कुणीच भेटलं नाही तर कठड्याशी. कागदोपत्री नाव नेद्याल्का मिन्कोवा. सेव्लिएव्हो गावच्या या दुग्धशाळेत जेवढे कॉम्प्युटर, सर्व्हर आणि प्रिंटर आहेत तेवढे सगळे तिच्या हाताखालचे. मी बोझान, त्यांच्या तारा ओढणारा. आमच्या खोलीत आम्ही दोघंच. सकाळी कॉफी पोटात जाईपर्यंत मला कुणी बोललेलं खपत नाही, आणि तिला तोवर गप्प बसवत नाही. इतकी वर्षं एका खोलीत काढली, म्हणजे दोघांपैकी एकजण संत असणार. तो मीच.

तिचा एक हट्ट मात्र मला पहिल्यापासून आवडायचा. ती यंत्रांना माणसांची नावं देते. ग्रोझ्दान, मारिन, इलिया, दोब्री. जुनं यंत्र थकलं आणि त्याच्या जागी नवं आलं की नव्याला जुन्याचंच नाव. नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसं. "आजोबा जिवंत असताना नाव ठेवलं तर आजोबांना हुरूप येतो," असं तिचं म्हणणं. आणि खरोखर आमच्याकडे जुनी यंत्रं सहजासहजी मरत नाहीत. नवा मारिन लोण्याच्या खात्यात बसतो आणि म्हातारा मारिन पहारेकऱ्याच्या चौकीत फाटक उघडझाप करत राहतो. प्रिंटरांना बायकांची नावं दिली आहेत. कारण विचारलं तर म्हणते, "काम कागदावर दिसतं ते फक्त त्यांचंच."

पहिल्या सर्व्हरचं नाव त्सान्को. हे तिच्या सासऱ्यांचं नाव. म्हातारा त्सान्को मिन्कोव्ह इथेच दूध तपासायचा, आडदांड माणूस, मिशांना कायम सायीचा वास. नेदाताईला मुलगा झाला नाही, एकच मुलगी, इवेता. तेव्हा म्हातारा गावभर विचारत सुटला होता की आता माझं नाव कुणाला ठेवणार, मांजराला? पण हाच म्हातारा इवेताला कडेवर घेऊन फिरला म्हणून नेदाताई गाब्रोव्हो शहरात जाऊन कॉम्प्युटरचं शिक्षण पुरं करू शकली. पहिला सर्व्हर आणायची वेळ आली तेव्हा दुधाच्या गाडीत तो मांडीवर घेऊन बसलाही तोच. रस्त्यात इतके खड्डे, की ते यंत्र आपल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळून सगळी वाट त्याने पोटाशी धरलं होतं. दुसऱ्या दिवशी नेदाताईने सर्व्हरवर चिठ्ठी चिकटवली: त्सान्को. म्हातारा हरखून गेला. मरेपर्यंत रोज काम संपलं की यायचा, टोपी काढायचा आणि विचारायचा, "काय रे त्सान्को, बरा आहेस ना?"

तर असं आमचं घर. आणि या घराची शिरगणती करायची वेळ यंदा शरदात, मिरच्या भाजायच्या दिवसांत आली.

दुग्धशाळेचे नवे मालक व्हिएन्नाचे. त्यांचे कारखाने सात-आठ देशांत. त्यांनी फर्मावलं की प्रत्येक कारखान्यातलं प्रत्येक यंत्र एका मोठ्या डेटाबेसमध्ये चढवायचं. नुसतं नाव-गाव नाही. कुठलं यंत्र कुणाच्या आधारावर चालतं, आणि एक बंद पडलं तर पाठोपाठ कोण कोण बंद पडेल, हेही. आमच्या देशापुरती या डेटाबेसची राखण एकाच माणसाकडे राहणार होती. आमची नोंद ठरल्या दिवशी बिनचूक चढली, एकही ओळ गळली नाही, एकही नाकारली गेली नाही, तर ती राखण नेदाताईकडे. नाहीतर काम व्हिएन्नाला, आमच्या खोलीला कुलूप, मी पॅकिंगला आणि नेदाताई घरी.

तिला हे काम इतकं हवं होतं की सांगता सोय नाही. आठवडाभर तिच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. "अरे बोझान, सगळी एकत्र दिसणार आपल्याला! एकाच पडद्यावर! मी आजवर सगळी फक्त डोक्यात बघितलीयेत." असं म्हणून ती माझ्या पाठीत थाप मारायची आणि माझी कॉफी सांडायची.

त्या दिवशी व्हिएन्नाहून क्लेमेन्स नावाचा माणूस पडद्यावर आमच्यासोबत बसला. तरुण, दाढी कोरलेली, फार सभ्य. नेदाताईचं इंग्रजी यंत्रांच्या माहितीपुस्तकांतून शिकलेलं, त्यामुळे ती माणसांनाही थांबा, तपासा, पुन्हा सुरू करा अशा आज्ञाच देते. क्लेमेन्सला त्याची सवय झाली होती. त्याने तिची एक्सेलची यादी उचलली आणि आधी नकली डेटाबेसमध्ये रंगीत तालीम म्हणून चढवली.

यादी चढली आणि निम्मी दुग्धशाळा गायब झाली.

लोण्याचं खातं नाही. चौकी नाही. मारिन एकच, इलिया एकच, दोब्री एकच. नातू आणि आजोबा एकमेकांत मिसळून गेले होते. शिवाय थंडघर सांभाळणारा नवा कोरा त्सान्को म्हाताऱ्या त्सान्कोच्या जन्मसालासकट बसला होता आणि त्याच्यापुढे लिहून आलं होतं: भंगारात काढा.

क्लेमेन्सने शांतपणे समजावलं. डेटाबेस यंत्राला ओळखतो ते कारखान्यात कोरलेल्या क्रमांकावरून. पण आमची बहुतेक यंत्रं गाब्रोव्होच्या एका दुकानात जोडलेली. तिथल्या मिस्त्रीने क्रमांकाच्या जागी सगळीकडे शून्यं ठेवलेली. क्रमांक नाही म्हटल्यावर डेटाबेसने नाव धरलं, आणि नावं तर आजोबा-नातवांची एकच. उपाय सोपा आहे, तो म्हणाला. नावं काढून टाका, देश-गाव-आकडा असं लिहा. आमची व्हिएन्नाची मंडळी करून देतील.

"म्हणजे राखण तुमच्याकडे," नेदाताई म्हणाली.

त्याने हळूच मान डोलावली. सभ्य माणूस.

"जेवणानंतर पुन्हा सुरू करा," तिने हुकूम सोडला आणि पडदा बंद केला. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं रडेल. छे! डोळे लकाकत होते. म्हणाली, "बघितलंस? आजोबा आणि नातू एकाच खुर्चीत! पण आपल्याला तर वेगळे कळतात. कशावरून कळतात?"

मी म्हटलं, मला भूक लागलीय.

आम्ही अंगणात गेलो. पॅकिंगच्या बायकांनी मिरच्या भाजायची भांडी लावली होती, सगळीकडे तो जळक्या सालींचा वास. नेदाताईच्या हातात बानित्साचा, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या भाजणीचा तुकडा, चीज बोटांवर ओघळतंय, पण खाण्याकडे लक्ष नाही. तेवढ्यात एका बाईने हाक मारली, "मारिन, पोतं आण!" दोन मारिन उठून उभे राहिले. बाई वैतागून ओरडली, "तू नाही रे, इलियाचा मारिन!" एक बसला, एक पोतं आणायला गेला.

नेदाताईने बानित्सा माझ्या हातात कोंबली आणि जिन्याकडे पळाली. मी दोन्ही तुकडे घेऊन मागे. खोलीत पोचलो तर ती हात पुसत खुर्चीवर बसलेली, धाप लागलेली, आणि तोंड अखंड चालू.

"बापाचं नाव! अरे, माणसाला आपण कसं ओळखतो? नाव, बापाचं नाव, आडनाव. यंत्राला बाप नाही का? ज्याच्या आधाराने ते चालतं तो त्याचा बाप. खातं म्हणजे आडनाव. तू तारा ओढल्यास, तुला प्रत्येकाचा बाप माहीत आहे. सांग. मी टाइप करते."

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याही अंगात वारं शिरलं. मी उभ्यानेच सुरू केलं. ती नाव पुकारायची, मी बाप सांगायचो.

"लोण्याचा मारिन?"

"ग्रोझ्दानचा."

"चौकीतला मारिन?"

"दोब्रीचा. जुन्या दोब्रीचा, वजनकाट्याजवळच्या."

"थंडघराचा त्सान्को?"

"ग्रोझ्दानचाच. दुसरा बाप कुठून आणू?"

एकदोनदा भांडलोही. एका प्रिंटरचा बाप मी चुकीचा सांगितला असं तिचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, भिंतीत तार मी घातलीय, तू नाही. ती म्हणाली, चल, दाखव. आम्ही दोघं धावत पनीरच्या खात्यात गेलो, मी टेबलाखाली शिरलो, तार ओढून बघितली आणि नेदाताईचंच बरोबर निघालं. ती जिंकली म्हणून टेबलावर हात आपटून हसली आणि माझं डोकं टेबलाला आपटलं. परत धावत वर. पनीरवाल्यांनी आमच्याकडे बघून कपाळाला हात लावला असेल.

क्लेमेन्स जेवून आला तेव्हा आमची नवी यादी तयार होती. नेदाताईने त्याला सांगितलं: ओळखायला क्रमांक नको, नुसतं नाव नको, नाव, बाप आणि खातं तिन्ही एकत्र धर. त्याने नियम बदलला आणि यादी चढवली. पडदा थोडा वेळ रिकामा राहिला. नेदाताईने माझं मनगट असं पकडलं की हाडं कळवळली.

आणि मग ते दिसलं. नुसत्या ओळी नाहीत, अख्खा वंश! ग्रोझ्दान वर, त्याच्याखाली पोरं, पोरांखाली नातवंडं. रेघा फुटत फुटत दूध उतरवायच्या धक्क्यापासून थंडघरापर्यंत गेलेल्या. दोन्ही मारिन आपापल्या बापाखाली. बापाचं नाव लिहिलं म्हणून कोण कुणाच्या आधारावर आहे हे डेटाबेसला आपोआप कळलं होतं. क्लेमेन्स पडद्याच्या अगदी जवळ आला. तो म्हणाला की बाकीच्या कारखान्यांनी त्याला नुसत्या याद्या पाठवल्या आहेत आणि या रेघा काढायला त्याची माणसं वसंतापासून झटतायत. नेदाताई काही ऐकत नव्हती. पडद्यावर बोट फिरवून एकेकाला हाक मारत होती. "हा बघ इलिया! ही बघ स्तोइका! बोझान, सगळे आहेत रे!" मी संत असलो तरी मीही वाकून माझ्या तारा शोधायला लागलो.

"एक ओळ लाल आहे," क्लेमेन्स म्हणाला.

ती ओळ म्हाताऱ्या त्सान्कोची. बापाची जागा रिकामी, आणि त्याच्याखाली कुणी नाही. चालू यंत्र कुणाच्या तरी आधाराने असलं पाहिजे, नाहीतर कुणीतरी त्याच्या आधाराने, असा डेटाबेसचा नियम. त्सान्को आमच्या खोलीच्या कोपऱ्यात अजून घुमत असतो. पनीरवरची लेबलं त्याच्यावरून छापली जातात असं नेदाताई सगळ्यांना सांगते. पण लेबलं कधीच नव्या त्सान्कोकडे गेली आहेत. जुन्याची नेटवर्कची तार मी स्वतःच काढली होती. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की वीज राहू दे, आवाज बरा वाटतो.

क्लेमेन्सने सांगितलं की घाबरायचं कारण नाही. त्याच्यापुढे फक्त 'बंद' असं लिहा, ओळ हिरवी होईल आणि काम पुरं.

"बंद लिहिलं तर पुढे काय?"

"काही नाही. महिन्याअखेर भंगाराची गाडी येईल, यादी बघेल आणि घेऊन जाईल."

नेदाताई गप्प झाली. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही. तिचं बोट कळफलकावर टेकलेलं होतं. एक शब्द लिहिला की राखण तिची, खोली आमची. मी मनातल्या मनात म्हणत होतो, लिही बाई, लिहून टाक, यंत्रच आहे ते.

तिने बापाची जागा रिकामीच ठेवली. खालच्या रकान्यात गेली, जिथे त्या यंत्राच्या आधारावर कोण आहे ते लिहायचं, आणि टाइप केलं: नेद्याल्का.

क्लेमेन्सने वाचलं. म्हणाला, या नावाचं यंत्र तर यादीत दिसत नाही.

"यंत्र नाही. मी." मग तिने त्याला सासरा सांगितला, ती दुधाची गाडी सांगितली, खड्डे सांगितले, मेंढीच्या कातड्याचा कोट सांगितला. तिच्या त्या माहितीपुस्तकी इंग्रजीत. "त्याने धरून ठेवलं. म्हणून मी इथे आहे. हे खरं आहे, नोंद करा."

त्याने बाजूला नियमांचं पान उघडून खालपर्यंत वाचलं. मग घसा खाकरून म्हणाला की माणसाला आधाराच्या रकान्यात लिहायची सोय आहे, फक्त कारण द्यावं लागतं. तिने कारण लिहिलं: त्सान्कोच्या मांडीवरून सगळं आलं.

ओळ हिरवी झाली. सगळी यादी हिरवी झाली. क्लेमेन्स म्हणाला की डेटाबेसच्या किल्ल्या उद्या पाठवतो, राखण तुमच्याकडे. तिने त्याला नीट निरोपही दिला नाही. उठली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत सुटली, सगळ्या दुग्धशाळेला सांगायला. मिरच्या भाजणाऱ्या बायकांचा गलका खालून वरपर्यंत ऐकू आला.

खोलीत मी एकटा राहिलो. डेटाबेसमध्ये लिहिलं होतं की त्सान्को चालू आहे, आणि नोंद खोटी असलेली मला खपत नाही. कपाटातून नेटवर्कची एक तार काढली, कोपऱ्यात वाकलो आणि जुन्या जागी घातली. क्षणभर काही झालं नाही. मग त्याच्या पुढच्या बाजूचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

मी टोपी काढली. "काय रे त्सान्को," मी म्हटलं, "बरा आहेस ना?"