ढोला काढला तो दिवस

बारामतीहून इंदापूरकडं जाताना एका ओढ्यावर पुलाचं काम चाललं होतं. तिथल्या गवंड्याला मी चुना पुरवायचो. त्याच्यासारखा फुशारकी मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाटसरू थांबला की त्याच्यापुढं थापी नाचवून विचारायचा, "जोतं म्हंजी काय, सांगा!" उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचा, "घराची मांडी! घर बसतंय कशावर? आन् कोनाडा म्हंजी भिंतीचा खिसा!"

कमान पुरी झाली. तिच्याखालचा लाकडी आधार, म्हणजे ढोला, काढायचा दिवस आला. त्या वेळी मुख्य गवंड्यानं कामाची हमी म्हणून कमानीखाली बसायचं, ही गवंड्यांची रीत. हा पटका सारखा करून ऐटीत बसला. गडी पाचरी सोडवू लागले. शेवटचा चुना मी घाईत, नीट न मुरवता दिला होता. कुणापाशी बोललो नव्हतो. आता मात्र ओरडलो, "थांबा! चुना कच्चा हाय!"

सगळे थबकले. गवंड्यानं माझ्याकडं पाहिलं, मग शेजारची जागा हातानं झाडली.

"मग या की तात्या, बसा हितं. चुना म्हंजी दगडांची समजूत काढणारा म्हातारा. भार दगडंच धरत्यात."

मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. शेवटची पाचर निघाली, ढोला थोडा खाली सरकून कमानीपासून सुटला, डोक्यावर चिमूटभर माती पडली. कमान जागची हलली नाही!

"उभी हाय! उभी हाय!" मी वेड्यासारखा ओरडत सुटलो.

"हळू, तात्या. माझी कमान हाय ती," तो म्हणाला. माझं मनगट मात्र त्यानं अजून घट्ट धरून ठेवलं होतं.