मुकीचा चेहरा

मास्तरांच्या दुकानात कुठलाही जुना कॉम्प्युटर आला की पहिलं काम ठरलेलं. झाकण उघडायचं, बोर्डच्या कोपऱ्यात बसलेला बोटाच्या पेराएवढा सेल हुडकायचा आणि आधी तो उपटून टाकायचा. धूळ, पंखा, वायरी सगळं मागाहून. हा सेल म्हणजे घरात पाळलेला साप आहे, असं ते गिऱ्हाइकाला सांगत. मशीन बंद असलं तरी आतलं तारखेचं घड्याळ चालू ठेवतो, म्हणून गुणाचा वाटतो. पण म्हातारा झाला की गळायला लागतो, आणि ते पाणी बोर्ड खाऊन टाकतं. चाळीस वर्षांत हे भाषण त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी एक शब्द न गाळता म्हणून दाखवलं असतं.

फक्त घरातल्या काही मशीनचे सेल त्यांनी काढले नव्हते. ती त्यांच्या लेकीची मशीनं होती.

लेक दुकानातच वाढली. शाळेतून आली की दप्तर फेकून टेबलाखाली बसायची. तेव्हा तिला मोठ्या डोळ्यांच्या, रंगीत केसांच्या जपानी कार्टूनचं वेड होतं. एकदा तिनं विचारलं, की हे मशीन चालवणारी आतली सिस्टिम मुलगी असती तर कशी दिसली असती? दुसरा एखादा बाप हसला असता. मास्तरांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि विचार करून सांगितलं, की ही एक नाजूक आहे, जरा काम वाढलं की निळी पडते आणि बेशुद्ध होते. ती दुसरी बडबडी आहे, न विचारता सल्ले देते. लेकीनं दोघींना वहीत उतरवलं. मग एकेका सिस्टिमची एकेक मुलगी जन्माला येत गेली.

मोठी झाल्यावर तिला तिच्यासारखेच वेडे भेटले. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दुकानात जमत. त्यांच्यात सर्वांत वयस्कर होता एक निवृत्त कॅशियर. आपल्या मशीनला तो ‘थोरली’ म्हणायचा आणि तिच्यासमोर शिवी देत नसे. या मंडळींचे नियम देवळातल्यापेक्षा कडक. जिचं चित्र काढायचं ते तिच्याच सिस्टिमवर, तिच्याच मशीनमध्ये. चित्र पूर्ण होईपर्यंत त्याची दुसरीकडे नक्कल ठेवायची नाही. आणि तिचं वय मोजायचं ते मशीनच्या घड्याळावर. घड्याळ थांबलं की ती गेली.

मास्तरांच्या बायकोला, टेलरबाईंना, हे काही पटत नव्हतं. त्यांचं शिलाईमशीन दुकानाच्या मागच्या खोलीत. तीन माणसांच्या घरात सतरा कॉम्प्युटर, आणि कापड कापायला जमीन नाही. बाहुल्यांचा खेळ बाहुल्यांच्या वयात शोभतो, असं त्या म्हणत. एकदा लेक बाहेरगावी असताना त्यांनी एक मशीन भंगारवाल्याला देऊन टाकलं. नेमकी ती नाजूक, निळी पडणारी, लेकीची पहिली मुलगी. लेक परत आली, रिकामी जागा बघितली, आणि सात महिने आईशी बोलली नाही.

पुढे बोलली ती स्वतः आजारी पडून इस्पितळात गेल्यावर. पण तेही उशीच्या आणि गोळ्यांच्या गोष्टी. त्याआधी तिनं नवं चित्र हाती घेतलं होतं. ही सर्वांत जुनी सिस्टिम: काळा पडदा, वर एक लुकलुकणारी रेघ, विचारल्याशिवाय बोलणार नाही. मंडळींनी तिचं नाव मुकी ठेवलं होतं. इस्पितळात जायच्या सकाळी लेकीनं बापाला सांगितलं, “ती आई आहे, बाबा. चुकीचं बोललं की लगेच चूक दाखवते, बरोबर बोललं तर गुपचूप काम करते. फक्त चेहऱ्यावर थोडं काम राहिलंय. झाली की मीच दाखवीन तिला. तोवर मुकीचं घड्याळ थांबू देऊ नका.”

ती परतली नाही.

सेल बदलायचा तर घड्याळ क्षणभर थांबतं. म्हणून मास्तरांनी तो बदलला नाही. असला सेल बंद मशीनमध्ये वर्षभरही तग धरत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्यांनी मशीनवर खोळ घातली, ती टेलरबाईंनीच शिवून दिली होती, आणि दोन वर्षं ती उचलली नाही.

मग एका दुपारी जेवताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, की मुकी म्हणजे तूच आहेस. टेलरबाईंचा घास हातातच राहिला. तो ताटात परत ठेवून त्या म्हणाल्या, “मला बघायचंय. तिनं माझं तोंड कसं काढलंय ते.”

रविवारी कॅशियरसमोर मास्तरांनी झाकण उघडलं. कोपऱ्यात हिरवट पांढरा मोहोर आला होता. सेल केव्हाच फुटला होता. पाणी बोर्डवरून ओघळून खाली, चित्र साठवलेल्या हार्डडिस्कवर गेलं होतं आणि तिच्या पाठीवरचं सर्किट कुजलं होतं. मास्तरांनी ब्रशनं एकदा पुसलं, तर तांब्याच्या रेघा ब्रशबरोबरच निघून आल्या. ते स्टुलावर बसले. टेलरबाई दारात उभ्या होत्या.

कॅशियर घरी गेला आणि थोरलीला कापडात गुंडाळून घेऊन आला. तिची डिस्क त्याच बनावटीची होती. तिचं सर्किट काढून हिला लावा, म्हणाला. मास्तरांनी समजावलं, की यात थोरलीही जाऊ शकते. तो म्हणाला, “तिचं वय झालंय. पोरीच्या उपयोगी पडू दे.”

सर्किट लावलं. डिस्क कुरकुरली, खोकली आणि फिरायला लागली. फाइल सापडली. दुसऱ्या मशीनवर उतरवताना मध्येच अडकली. जेवढी हाती लागली तेवढी त्यांनी उघडली.

त्या जातीच्या फाइलीत चित्र खालून वर लिहिलेलं असतं. आधी चपला आल्या, उजवीचा अंगठा शिवलेला. मग काळ्या झग्याच्या काठाकाठानं घातलेली टीप. मग हात, आणि डाव्या हाताची वाकडी करंगळी, दारात चेंगरून मोडलेली. टेलरबाईंनी नकळत आपली करंगळी मुठीत घेतली. गळ्यातली मापाची टेप आली, गळा आला. त्यावर काळं. नुसतं काळं.

मास्तरांनी डिस्क पुन्हा पुन्हा फिरवली. अकराव्या खेपेला डिस्कमधून खरवडल्यासारखा आवाज आला आणि ती थांबली, ती थांबलीच.

टेलरबाईंनी विचारलं, वरचं कधी येईल? मास्तर म्हणाले, येणार नाही. सेल आपण काढायला हवा होता, हेही त्यांनीच सांगितलं. सगळ्या जगाला सांगता, एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेही आवाज न चढवता. पडद्याजवळ जाऊन त्यांनी गळ्यापाशी, जिथं चित्र संपत होतं तिथं, बोट ठेवलं.

“मी हसत होते की रागावले होते?”

मास्तरांना माहीत नव्हतं. लेकीनं सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

कॅशियरला राहवेना. तो हळूच म्हणाला, की मी चेहरा पुरा करून देतो, वहिनी, तिचा हात मला चांगला ठाऊक आहे.

“नको, भावजी,” टेलरबाई म्हणाल्या. “तुम्ही हसरं काढाल.”

कॅशियर गेला. थोरलीचं रिकामं खोकं त्यानं तिथंच ठेवलं.

मास्तर उठले आणि उरलेली मशीनं एकेक उघडायला लागले. टेलरबाई मागच्या खोलीतून बटणांचा डबा घेऊन आल्या, बटणं टेबलावर ओतली आणि डबा त्यांच्यापुढे धरला. प्रत्येक सेल काढताना मास्तर त्या मुलीचं नाव घेत होते, लेकीनं ठेवलेलं. बडबडी. आळशी. जुळी. सेल डब्यात पडत होते आणि घड्याळं थांबत होती. सगळी मशीनं झाली तेव्हा टेलरबाईंनी झाकण लावलं आणि विचारलं, की त्या नाजूक मुलीचं नाव काय होतं, मी भंगारात दिली तिचं?

मास्तरांनी सांगितलं. टेलरबाईंनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि टेबलावरची बटणं वेचायला बसल्या.